आधी सांगा, धुवायला किती पाणी लागतं?

सिडकोतल्या आमच्या गल्लीत गप्पा हवापाण्यावरून सुरू होत नाहीत, नुसत्या पाण्यावरून होतात. "तुमच्याकडं आलं का?" एवढंच विचारायचं. काय आलं, ते सांगावं लागत नाही. पैठणला नाथसागर काठोकाठ भरलेला असो नाहीतर तळाला गेलेला, आमचे नळ वर्षानुवर्षं आठ-आठ दिवसांनीच येत आलेत. नव्या पाणी योजनेचा आकडा १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेला, तेवढ्यात गल्लीतली शाळेत जाणारी पोरं मिशा फुटून कॉलेजात गेली. त्यामुळं स्वयंपाकघरात नवं काही आलं, की दुसऱ्या गावची बाई विचारेल केवढ्याला पडलं, गॅरंटी किती. आमच्या शेजारच्या वहिनी विचारतात, "धुवायला किती पाणी लागतं?"

प्रश्न साधा आहे, पण कंपन्यांच्या जाहिरातींत त्याचं उत्तर कुठंच नसतं. किती मिनिटांत चिरतं, किती वॅटची मोटार, किती रंगांत मिळतं, सगळं असतं. धुण्याचं नाव नाही. आणि माझं तर स्पष्ट मत झालंय, की यंत्र ओट्यावर राहणार की माळ्यावर जाणार, हे बेसिनपाशी ठरतं.

परवा दुपारी वहिनी त्यांचा माळाच उतरवत होत्या. अंगणात खोक्यांची रांग.

"काय वहिनी, घर बदलायलेत का काय?"

"घर कशाचं बदलायचं ताई! पुढच्या महिन्यात महालक्ष्म्या, म्हणून म्हटलं माळा झाडून घ्यावा. तर बघा ना काय काय निघायलंय. दुकान टाकता येईल."

मी भिंतीला टेकले. कुकर व्हायला वेळ होता.

पहिलं खोकं ज्यूसरचं. वहिनींचं माहेर जालन्याकडचं, आणि जालन्याच्या मोसंबीचा काय तोरा आहे ते वेगळं सांगायला नको. भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ आहे ते. भाऊ हंगामात पोतंच धाडतो. वहिनींचे मिस्टर वाळूजला कंपनीत. एका दिवाळीला बोनस झाला आणि भावजींनी हळू फिरणारा, रसातली जीवनसत्त्वं जळू न देणारा ज्यूसर घरी आणला.

"भांडं एक," वहिनी खोक्यातून एकेक काढून भिंतीवर मांडू लागल्या. "त्यात हे मळसूत्र एक. ही जाळी. हे रबराचं कडं. चोथ्याचं भांडं वेगळं, रसाचं वेगळं. अन् हे सगळं घासायला हा ब्रश, तोसुद्धा कंपनीनंच दिलेला. म्हणजे ज्यानं केलं त्याला पक्कं माहीत होतं, की ही जाळी साध्या घासणीला दाद देणार नाही!"

जाळी मी हातात घेऊन उन्हाकडं धरली. सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि त्यातल्या कित्येकांत जुन्या मोसंबीचा वाळलेला पिवळा गर अजून तसाच. एका गिलासाला अर्धी बादली, असा वहिनींचा हिशेब. शिवाय मोसंबी सोलायची, वरचं पांढरं काढायचं, नाहीतर रस कडू. भावजींनी सुरुवातीला मोठ्या हौसेनं स्वतः काढला. हौस रसाची होती, जाळीची नव्हती.

आता त्यांच्याकडं रसवंतीच्या गाडीवर असतं तसलं दांड्याचं यंत्र आहे. मोसंबी आडवी कापायची, वाटीत पालथी ठेवायची, दांडा दाबायचा. धुवायला तांब्याभर पाणी, आणि तेही खाली कुंडीत.

"आमच्याकडं पण एक आहेच की," मी म्हटलं. "दिरानं आणलेला रोटीमेकर."

"तो अजून हाय?" वहिनींचे डोळे चमकले. दुसऱ्याच्या माळ्यावरचं ऐकताना माणसाला जी तरतरी येते ती चहानंही येत नाही.

रोटीमेकरची गोष्ट गल्लीला पाठ आहे, पण वहिनींना ती पुन्हा ऐकायची असते. दोन गरम तवे, वरचा झाकणासारखा दाबायचा. कणकेचा गोळा ठेवला, दाबला, की पोळी. कणीक नेहमीपेक्षा सैल हवी, गोळा नेमका मधोमध न ठेवता जरा मागं हवा, दाब एकदाच आणि झटक्यात हवा. हे सगळं जमलं तर गव्हाची पोळी होते, खोटं कशाला बोलू. गरम आहे तोवर खाल्ली तर बरी लागते. डब्यात दिली तर दुपारी तिचा पापड. पण आमच्या घरात रात्री ज्वारीची भाकरी, आणि दिराचा हट्ट, की "वहिनी, भाकरी पण होते, माहितीपत्रकात लिहिलंय."

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो. म्हणून तर आपण आधणाचं पाणी घालतो, तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळतो, तेव्हा कुठं ते पीठ एकमेकाला धरतं. मग काठवटीत थापायची, आणि तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. तो पाण्याचा हात फिरला नाही तर पापुद्रा सुटत नाही, भाकरी फुगत नाही. रोटीमेकरच्या झाकणाखाली हात कुठून घालणार? गोळा दाबला, तर कडा फुटून बत्तीस दिशांना गेल्या, मधला भाग वरच्या तव्याला चिकटून झाकणाबरोबर वर. ते खरवडायला पुन्हा पाणी, आणि विजेचं यंत्र, म्हणजे नळाखाली धरायचं नाही. ओल्या फडक्यानं टिपत बसायचं.

"ज्याच्या आईनं त्याला भाकरी थापताना बघू दिलं नाही, त्यानं काढलेलं यंत्र हे," वहिनींचा निकाल.

पण म्हणून यंत्रानं पोळी करायची कल्पनाच टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यावरच्या बँकवाल्या काकूंची मुलगी न्यूजर्सीला. तिच्याकडं रोटीमॅटिक आहे. पीठ एका डब्यात, पाणी एकात, तेल एकात. बटण दाबलं की मळणं, लाटणं, भाजणं आतल्या आत होऊन फुगलेली पोळी समोरून बाहेर. सिंगापूरच्या झिम्प्लिस्टिक कंपनीचं ते यंत्र. प्रणोती नगरकर-इसरानी आणि ऋषी इसरानी या नवरा-बायकोनं २००८ मध्ये ती कंपनी काढली, आणि यंत्र घराघरांत पोचायला २०१६ उजाडलं. पोळी गोल लाटायची कला यंत्राला शिकवायला इंजिनिअर माणसांना एवढी वर्षं लागली, हे ऐकून वहिनींना फार समाधान वाटलं.

"अन् केवढ्याला?"

"९९९ डॉलर होती तेव्हा."

मी रुपये करून सांगितले. पासष्ट हजारांच्या वर. वहिनींनी गालाला हात लावला. "माय! तेवढ्यात इथं पोळ्यावाल्या मावशींना किती वरीस ठेवता येईल?"

तेच तर. इथं मावशी आहेत, तिथं नाहीत. बाहेर बर्फ, दोघं नोकरीवर, आणि पोरगं संध्याकाळी गरम पोळी मागतंय, त्या घरात ते यंत्र चैन नाही. नळालाही तिथं चोवीस तास पाणी. तेच खोकं सिडकोत आलं असतं तर वहिनींच्या ज्यूसरशेजारी बसलं असतं.

कर्णपुऱ्याच्या यात्रेतून आलेल्या वस्तूंचं एक स्वतंत्र खोकं होतं. नवरात्रात छावणीजवळच्या त्या मैदानात देवीला जाऊन रिकाम्या हातानं परत आलेली बाई मी पाहिलेली नाही. गळ्यात माईक अडकवलेला तो माणूस असतो ना, लाकडी फळीवर गाजर-काकडीचा ढीग घेऊन बसलेला? बोलता बोलता गाजराचं फूल करतो, काकडीची स्प्रिंग करतो, बटाट्याची जाळी काढतो, आणि आवाज एकसुरी: "ताई बघा, मावशी बघा, घरी मिक्सर नको, फूड प्रोसेसर नको." त्याची काकडी नेहमी सरळ, कडक आणि बी नसलेली असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडची मंडईतली काकडी वाकडी. स्प्रिंग निघायची ती दोन वेटोळ्यांत तुटते. वहिनींच्या खोक्यातून असली पाच पात्यांची किसणी, अंडं कापायची तारेची वीणा (घर शाकाहारी!) आणि सफरचंदाच्या फोडी करायचं चक्र निघालं.

"त्याचा हात चालतो हो," वहिनी म्हणाल्या, "आपण यंत्र विकत घेतो. हात त्याच्याचकडं राहतो."

त्याच यात्रेतून आलेला दोरीचा चॉपर मात्र त्यांच्या ओट्यावर आहे, आणि माझ्याही. दोन-अडीचशेची वस्तू. कांदा चार तुकडे करून टाकायचा, दोरी सात-आठदा ओढायची, पोह्यांचा कांदा तयार. जास्त ओढली तर कांद्याचं पाणी सुटून चिखल होतो, तेवढं सांभाळायचं. विळीवर बसायला आता गल्लीत कुणाचे गुडघे राजी नाहीत, डोळ्यांतून पाणी येत नाही, वीज लागत नाही. पातं नि भांडं वाटीभर पाण्यात निघतं. दोरी तुटते कधीतरी, पण तोवर त्यानं पैसे फेडलेले असतात.

बोलता बोलता मिक्सरचा विषय निघाला, आणि वहिनी एकदम आदरानं बोलू लागल्या. त्यांच्या आईकडं अजून जुना सुमीत आहे. आवाज असा, की जालन्यात सुरू केला तर बदनापूरला कळावं, पण हळकुंड टाका, खोबरं टाका, खडा मसाला टाका, दाद देत नाही.

सुमीतची जन्मकथा मला फार आवडते, म्हणून मी ती ऐकवलीच. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले इंजिनिअर. मुंबईच्या घरात बायकोकडं, माधुरीबाईंकडं, जर्मनीचा ब्राउनचा मिक्सर. आपल्या वाटणाघाटणापुढं त्यानं मान टाकली. मोटार जळाली, आणि दुरुस्तीची सोय भारतात नाही. बायकोनं म्हणे नवऱ्याला सुनावलं, की इंजिनिअर आहात ना, मग करा काहीतरी. त्यातून १९६३ मध्ये सुमीत उभा राहिला. परदेशी यंत्र केक नि सूप डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. त्याला आपली ओली डाळ आणि सुकं खोबरं कुणी दाखवलंच नव्हतं. माथुरांना ती मोटार जळताना घरातच बघायला मिळाली.

"बायकोनं सुनावलं म्हणून झालं बघा," वहिनी भावजींच्या खिडकीकडं बघत जरा मोठ्यानं म्हणाल्या.

त्याआधी पाटा-वरवंटा. "पाट्याला टाकीऽऽ" अशी आरोळी देत बाया गल्लीतून जायच्या, पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला पुन्हा खरखरीत करून द्यायच्या. मिक्सर आला तशी ती आरोळी विरत गेली. ठेचा पाट्यावरचाच किंवा हमामदस्त्यातला चांगला, हे कबूल. मिक्सरमध्ये मिरचीचं पीठ होतं. पण रोजच्या वाटणाला मिक्सरला तोड नाही, आणि वहिनींच्या कसोटीवर तर तो पैकीच्या पैकी गुण घेतो. वाटण काढलं की भांड्यात वाटीभर पाणी घालायचं, एकदा फिरवायचं, आणि ते पाणी थेट रश्श्यात. धुणंही झालं आणि मसालाही वाया गेला नाही.

कुकरवर फार बोलणं झालं नाही. वादच नाही त्यात. हॉकिन्स मुंबईत १९५९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून त्या शिट्टीवर महाराष्ट्राची घड्याळं चालतात. आत पाणी शंभर अंशांवर न थांबता एकशेवीसच्या आसपास जातं, म्हणून तुरीची डाळ शिजते. एरवी आपल्याकडच्या जड पाण्यात ती तासभर नुसती नाचत असते. एका पाण्यावर तीन डबे, आणि खालचं पाणी नंतर भांडी भिजवायला. वहिनींना मी एवढंच सांगितलं, की पुतण्याच्या लग्नात द्यायला रस्त्यावरचा बिनशिक्क्याचा स्वस्त कुकर घेऊ नका. फेब्रुवारी २०२१ पासून कुकरवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे, आणि ते उगीच नाही.

मग घरघंटी. हे आमच्या सरांच्या घरचं प्रकरण. ती आली तेव्हा गल्लीनं तोंडं वाकडी केली होती: कपाटाएवढं धूड, जागा खातं, कोपऱ्यावर गिरणी असताना हवी कशाला? आता तोंडं सरळ झाली. कारण बाजरी. बाजरीचं पीठ आठवडाभर ठेवलं की कडवट होतं. त्यातल्या तेलामुळं ते लवकर खवट पडतं. गिरणीत किलोभर बाजरी टाकायला गेलं की गिरणीवाला आधीच्या गव्हावर दळून देणार किंवा थांबा म्हणणार. सरांच्या घरी पाहिजे तेवढं, पाहिजे तेव्हा, जाळी बदलून जाड किंवा बारीक. आणि धुणं? शून्य. ब्रशनं झटकायची, झालं. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या योजनेत खेड्यापाड्यातल्या बायकांना पिठाची गिरणी मिळते. वहिनींच्या चुलतबहिणीनं त्यावर घरबसल्या धंदा केला, मेतकूट आणि भाजणी दळून देते.

"आपल्या गावात तर पाण्यावर चालणारी गिरणी होती," मी म्हटलं. पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणायचं, उंचावरून पात्यावर सोडायचं, वरचं जातं फिरणार. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं, यात्रेकरूंचं पीठ त्यावर दळलं जायचं. ना मोटार, ना वीज, ना लोडशेडिंग. त्याच्याही आधी मलिक अंबरनं नहर बांधून सगळ्या शहराला पाणी फिरवलं होतं.

वहिनी क्षणभर गप्प. "म्हणजे तेव्हा आपल्या गावात दळायला सुद्धा पाणी होतं."

यावर काय बोलणार. मी विषय बदलला.

एमएसईबीतून निवृत्त झालेले काका आहेत मागच्या गल्लीत. त्यांच्या गच्चीवरचा सौरकुकर म्हणजे आमच्याकडचं प्रेक्षणीय स्थळ होतं. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत काळे रंगवलेले डबे. मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन, बेचाळीस अंश. सकाळी लावलं की दुपारी वरण-भात तयार, करपणं नाही, उतू जाणं नाही, गॅस नाही, भांड्याला चिकटणं नाही. आमच्या कसोटीवर शंभर टक्के पास. आणि त्यात भाजलेले शेंगदाणे! न हलवता, न जळता, आतपर्यंत खमंग. कूट असा, की नुसता खावा. तरी तो कुकर आज गच्चीच्या कोपऱ्यात झाकलेला आहे. कारण पेटी उन्हाकडं फिरवायला घरात माणूस लागतं, आणि काकूंच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. सुनेचा डबा सकाळी साडेआठला हवा असतो. सूर्य तेव्हा नुकता कामाला लागलेला. यंत्र चांगलं, ऊन फुकट, पण घराचं वेळापत्रक वेगळं. मला या एकाच यंत्राबद्दल मनापासून वाईट वाटतं.

एअर फ्रायरबद्दल मात्र वाटत नाही. समोरच्यांच्या सुनेनं आणला. हॉलंडमधल्या एका संशोधकाच्या डोक्यातली कल्पना. फिलिप्सनं २०१० मध्ये बाजारात आणली, आणि बटाट्याच्या काड्या, गोठवलेले कबाब त्यात उत्तम होतात, यात शंका नाही. पण सासूबाईंनी फर्मावली भजी. डाळीच्या पिठात बुडवलेला कांदा जाळीवर ठेवला. भजं जागेवर राहिलं, पीठ खाली. मग पापड भाजायला घातला. आत पंखा एवढ्या जोरात फिरतो, की पापड उडाला आणि वरच्या तापल्या तारेला जाऊन चिकटला. स्वयंपाकघरात धूर, सून खोकतेय, आणि सासूबाई शांतपणे गॅसवर चिमट्यानं दुसरा पापड भाजतायत. जाळी नि भांडं, दोन्हींना चिकट तेलाचा थर. गरम पाण्याशिवाय निघत नाही. तेल वाचलं ते साबणात गेलं.

"आता खरं सांगा ताई," वहिनींनी आवाज उतरवला, भिंतीवर कोपर टेकवलं. "डॉक्टरांकडं ती भांडी धुवायची मशीन आली ना? मला तर हसूच आलं. इथं प्यायला पाणी नाही अन् हे मशीनला पाजायलेत."

सगळ्यांचा समज असाच. मी पण आधी त्याच बाजूची. पण डॉक्टरीणबाईंनी माहितीपत्रक दाखवलं. एका खेपेला दहा-बारा लिटर. त्यात चार माणसांची दिवसभराची ताटं-वाट्या, पेले, डबे. आपण हातानं घासतो तेव्हा?

वहिनींनी बोटांवर मोजलं. घासायला एक बादली, विसळायला दोन. पाहुणे असतील तर चौथी. बादली पंधरा लिटरची धरली तरी...

"थांबा, थांबा," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कमी लागतं?"

"कमी लागतं."

हा त्यांना मोठाच धक्का होता. त्यांचीच कसोटी, आणि तिच्यावर पास झालं कोण, तर गल्लीनं सगळ्यात जास्त हसलेलं यंत्र. त्या हरायला तयार नव्हत्या. आणि त्यांचे मुद्दे काही चुकीचे नव्हते. लोखंडी तवा त्यात घालायचा नाही, गंजतो. पितळी पातेलं नाही, काळं पडतं. पोळपाट-लाटणं नाही, लाकूड फुगतं. जर्मनची भांडी नाहीत, रंग जातो. आमच्याकडं बोअरचं पाणी, म्हणजे जड. यंत्रात वेगळं मीठ घालत राहावं लागतं, नाहीतर काचेवर पांढरा थर. एक खेप दोन-अडीच तास चालते, मधेच लाइट गेली तर दार उघडून बघत बसा. आणि २०२० च्या टाळेबंदीत भांडेवाल्या मावशी यायच्या बंद झाल्या तेव्हा ज्यांनी ज्यांनी हे यंत्र घेतलं, त्यांच्यापैकी काहींच्या घरी आज त्यात डाळी-साळी ठेवलेल्या दिसतात.

"कामून?"

"भरणं-रिकामं करणं कुणी करायचं, यावरून."

"हौ. पुरुषांना वाटतं मशीन आली म्हणजे भांडी आपोआप चालत जातात."

तेवढ्यात आमच्या मावशीच आल्या, फाटक उघडून. त्यांनी अर्धं ऐकलेलं होतं. डॉक्टरांकडंही त्याच काम करतात. आम्ही जरा चपापलो, पण त्या निवांत होत्या. "तिथं आता नुसत्या कढया, तवे नि कुकर असतात मला," त्या पदर खोचत म्हणाल्या. "पगार तेवढाच. हात कमी भिजतो. तुम्ही पण घ्या की."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मी वहिनींकडं. त्यांच्या नजरेत ज्यूसर, किसणी, अंड्याची वीणा यांच्या पलीकडं कुठंतरी तीस-चाळीस हजारांचा हिशेब चालू झालेला दिसत होता. भावजींची धडगत नाही.

शेवटचं खोकं पुठ्ठ्याचं, सुतळीनं बांधलेलं. त्यात पुरणयंत्र. स्टीलचं, वर फिरवायचा दांडा, खाली जाळी. वर्षातून चार-सहा वेळा निघतं: होळी, नागपंचमीची दिंडं, पोळा, महालक्ष्म्या, आणि उन्हाळ्यात केसरचा आमरस. डाळ गरम असतानाच त्यात घालायची, मग रेशमासारखं पुरण खाली येतं; थंड झाली की दंडाचा व्यायाम. धुवायला सोपं म्हणणार नाही मी, पण भिजत टाकलं की जाळी सुटते.

नवलाची गोष्ट अशी, की आमच्या सगळ्या गल्लीत हे एकच आहे, आणि ते नेमकं कुणाचं हे आता कुणालाच सांगता येत नाही. बँकवाल्या काकू म्हणतात त्यांनी कासारी बाजारातून आणलं. सरांच्या मिसेस म्हणतात त्यांच्या रुखवतातलं आहे. सणाच्या आदल्या दिवशी ते भिंतीवरून या हातातून त्या हातात जात पूर्ण गल्ली फिरतं आणि ज्याच्याकडं शेवटी पोचतं त्याच्या माळ्यावर वर्ष काढतं.

"यंदा पोळ्याला आधी माझ्याकडं," मी बुकिंग केलं. "आमच्याकडं नैवेद्य बाराच्या आत लागतो."

"न्या की. पण ताई..." वहिनींनी खोकं उपडं केलं, तळाशी हात फिरवला. "ह्यात जाडी जाळीच हाय. बारीक कुठंय?"

"मी आमरसाला घेतली होती तेव्हा दोन्ही होत्या."

"मग तुमच्याकडंच राहिली असणार."

"छे! मी धुऊन, पुसून, फडक्यात बांधून सरांकडं दिली."

वहिनी गेटपाशी गेल्या आणि तिथूनच हाक मारली. सरांच्या मिसेस खिडकीत आल्या. बारीक जाळी त्यांनी बघितलीच नव्हती, त्यांच्याकडं आलं तेव्हा नुसती जाडी होती, असं त्या देवाशपथ सांगत होत्या. बँकवाल्या काकूंनी गच्चीवरून ऐकलं आणि तिथूनच सांगितलं, की होळीला नगरवाल्यांनी नेलं होतं, त्यांनाच विचारा. नगरवाल्या गावाला गेलेल्या. माझ्या कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, आणि आता मागच्या गल्लीतल्या एमएसईबीवाल्या काकूही बाहेर आल्या होत्या, त्यांच्याकडं म्हणे एक बारीक जाळी आहे, पण ती या यंत्राला बसत नाही.